विहीणबाईंचं गवत

१२ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

आधी पोतं उघडा, मग पत्र वाचा. गवताला जरा वारा लागू दे. गाडीवाल्यानं ते तेलाच्या डब्यांशेजारी टाकून आणलं असेल तर तसंच परत पाठवा, आणि वर त्याला माझ्याकडून दोन शिव्याही हाणा.

मुलं एकदाची पोहोचली. दोन वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे, असं मी उठता-बसता स्वतःला सांगते. तुमचा मुलगा नोकरीपायी माझ्या लेकीला घेऊन परदेशी गेला आणि तिची ती दोन गिनीपिगं मात्र तुमच्या गळ्यात पडली, याचं मला खरंच वाईट वाटतं. मीच ठेवून घेतली असती हो, पण माझ्या शेडमध्ये उंदरांसाठी पाळलेली मांजरं आहेत. ढोली आणि चिंगी त्यांना एका घासालाही पुरल्या नसत्या. म्हणून सांभाळणं तुमचं आणि चारा माझा, असं मी लेकीला कबूल केलंय. बाजारातलं पाकीट-बिकीट आणू नका. जन्मभर गवत पिकवून विकणारीच्या लेकीची जनावरं पाकिटातलं खाणार, म्हणजे मी तोंड कुठं लपवू?

गवत कसं पारखायचं ते सांगून ठेवते. मी कधी आजारी पडले आणि दुसऱ्याकडून घ्यायची वेळ आली तर फसायला नको. मूठभर घ्यायचं आणि नाकाशी न्यायचं. गोडसर वास आला पाहिजे. जरा कुबट वाटलं की उकिरड्यावर. मग उन्हात धरून झटकायचं, धुरळा उडाला तर नको म्हणायचं. रंग हिरवट हवा, पण रंगावर फार भाळायचं नाही. आणि त्यात पान हवं तशी काडीही हवी, चांगली लांब, कडक काडी. या जनावरांचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. काडी चावून चावूनच ते झिजतात. मऊ मऊ भरवलं की संपलं.

तुम्हाला सांगायला नको, तुम्ही जाणत्या आहात. व्याह्यांना नमस्कार.

तुमची गवतवाली विहीण

*

२० जानेवारी

आदरणीय विहीणबाई,

आपलं पोतं पोहोचलं. काय ते गवत! उघडल्याबरोबर घरभर वास दरवळला. ढोली आणि चिंगी यांनी तर नुसता फडशा पाडला. आपण एवढ्या कामातून आठवणीनं, स्वतः निवडून पाठवलंत, आम्हाला अगदी संकोच वाटतो. असं गवत शहरात सोन्याच्या भावानंही मिळायचं नाही. आपण लिहिलेलं सगळं मी नीट वाचून ध्यानात ठेवलं आहे. मुलांशी बोलणं झालं तेव्हा सूनबाईंनाही सांगितलं, की तुझ्या आईच्या हाताला तोड नाही.

घरातले सगळे मजेत. आपल्या गुडघ्यांना जपावं.

आपली विहीण

*

२१ जानेवारी

ताई,

तुला पत्रच लिहिते. फोन केला की तुझ्याकडे लेक, जावई, नातवंडं सगळ्यांचे कान टवकारलेले असतात, आणि हे सांगणं काही सगळ्यांना ऐकवण्यासारखं नाही.

काल विहीणबाईंना इतकं गोड पत्र लिहिलं की माझ्याच तोंडाला मिठी बसली. खरी गोष्ट अशी, की पोतं उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. काड्या गं, काड्या! केरसुणी बांधावी अशा. मूठ भरून घेतली तर बोटात शिरली एक. मी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. दुकानात गठ्ठा आला की डोळे मिटून नुसता हात फिरवायचे आणि सांगायचे, हे अंगाला सोसेल आणि हे सोसणार नाही. माझ्या हाताला कळत नाही होय? चांगला माल गिऱ्हाइकाला आणि झाडून गोळा केलेला विहिणीला, दुसरं काय!

आणि वर साळसूदपणे लिहितात, काडी हवी, काडीनं दात झिजतात. अगं, कुठला कापडवाला आपल्या जाड्याभरड्या मालाला जाडाभरडा म्हणतो? तो 'टिकाऊ' म्हणतो!

तुला ते जाकीट आठवतं? लग्नात मी विहीणबाईंना दिलेलं, महिनाभर डोळे फोडून भरतकाम केलं होतं. ते त्या शेडमध्ये घालतात. गवत उपसताना! सुनेनंच फोटो दाखवला, मोठ्या कौतुकानं. मी हसले. आतून मात्र जे काही तुटलं ते तुटलं.

तर मी सरळ चौकातल्या दुकानात गेले आणि पाकीट आणलं. लसूणघास म्हणतात त्याला. नुसती पानं, पोपटी रंग, हाताला रेशमासारखी मऊ. त्यातही चुकूनमाकून काडी निघते, ती मी कात्रीनं बारीक कापून टाकते. दोघी कशा पटापट संपवतात, बघत राहावं. विहीणबाईंच्या गवताची यांच्या आरामखुर्चीला गादी शिवली. हे म्हणतात, "विहीणबाई एवढ्या लांब राहूनही मला टोचतात, कमाल आहे!"

तुझी धाकटी

*

२ फेब्रुवारी

अगं वेडे,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग नाही हसले.

वस्तू आवडली नाही तर माणसानं गप्प बसावं, नाहीतर सांगून मोकळं व्हावं. आवडली नाही आणि वर 'अहाहा' करायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. माझ्या जावेचा तो मोरपिशी स्वेटर तुला काटा आणत होता, आणि तू तिला काय म्हणालीस? "असा दुसरा मिळेल का?" तिनं आणखी तीन विणले. आता बस, गवताची पोती येत राहतील आणि भावजींना घरभर गाद्या होतील.

आणि एक विचारू? कापड तुला कळतं, त्यात वादच नाही. पण गवत कधीपासून कळायला लागलं? ते अंगात घालायचं आहे की पोटात?

साधं लिही त्यांना. "विहीणबाई, गवत हाताला टोचतं हो, असंच असतं का?" एवढंच. त्यांना राग येणार नाही आणि आला तरी दोन दिवसांचा असेल. खोटं असतं ना, त्याला रोज पाणी घालावं लागतं.

तुझी ताई

*

२५ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

हे दुसरं पोतं. यातली पेंढी न पेंढी मी स्वतः हातानं निवडली आहे, शेडवरच्या बायकांना हातसुद्धा लावू दिला नाही. गंजीची एक बाजू दवानं ओली झाली होती, ती आख्खी बाजूला काढली. तरी तुम्ही एकदा वास घेऊन बघा. माझं नाक मला अजून फसवत नाही, पण वय कुणाला चुकलंय?

तुमचं पत्र मी शेडच्या दाराला आतून लावलंय. हसू नका! आमचा घोडेवाला आहे ना, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, नाक मुरडल्याशिवाय मूठभर गवत न उचलणारा, त्यानं उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "बाई, विहीण मिळावी तर अशी."

खरं सांगू? मला तुमची भीती वाटायची. तुमचं घर कसं टापटीप, चादरीला सुरकुती नाही. आणि मी केसात गवत घेऊन हिंडणारी. तुम्ही दिलेलं ते जाकीट मी रोज घालते. कपाटात ठेवून कुणाला दिसणार? शेडमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक माणूस विचारतो, हे भरतकाम कुणाचं. तेवढ्यासाठीच घालते.

आणखी एक, हे फक्त तुम्हाला. माझ्या लेकीला शाळेत पोरी 'गवतवाली' म्हणायच्या. दप्तराला वास येतो म्हणून शेजारी बसायच्या नाहीत. तेव्हापासून तिनं माझ्या कामाचा विषय कधी काढला नाही. चारचौघांत 'आईचा छोटासा व्यवसाय आहे' म्हणायची आणि बोलणं बदलायची. मी समजून घेतलं, पोरीला काय बोलायचं? तुम्ही तिला सांगितलंत ना, की तुझ्या आईच्या हाताला तोड नाही? त्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, तुझ्या गवताचं सासूबाईंनी इतकं कौतुक केलं, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं." तिच्या तोंडून 'तुझं गवत' हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. फोन ठेवून त्या गंजीला टेकून बसले आणि पोटभर रडले.

तुमचे उपकार कसे फेडू, मला माहीत नाही. गवतच पाठवते.

तुमची गवतवाली

*

२२ मार्च

ताई,

ढोली गेली.

कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. विहीणबाईंचं मागचं पत्र आलं, त्या ते जाकीट का घालतात ते त्यांनी लिहिलं होतं, आणि लेकीचंही बरंच काही लिहिलं होतं. वाचून मला इतकी शरम वाटली की पत्र घडी करून डाळीच्या डब्यामागे सारलं. तुला वाटेल, मग तरी ते गवत जनावरांना घातलं असेल. नाही घातलं. दुसरं पोतं गॅलरीत तसंच बांधून ठेवलं. घातलं असतं तर इतके दिवस मी काय करत होते, हे मलाच कबूल करावं लागलं असतं ना.

मग ढोली खाईना. वाडग्याशी यायची, हुंगायची, तोंड लावायची आणि मागे सरायची. हनुवटी सारखी ओली. हात फिरवला तर बरगड्या लागल्या. ढोली म्हणावं असं तिच्यात काही उरलंच नव्हतं गं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सुनेला राहवेना, म्हणून फोनवर तिला दाखवत होते. डॉक्टरीणबाईंनी तोंड जरासं उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "जिभेला जखम आहे. गवतात काटा असेल, नाहीतर बुरशी. गवत कुठून आणता?"

फोनमधून सून माझ्याकडे बघत होती. हे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "हिच्या आईकडूनच येतं."

यांना सगळं माहीत होतं, ज्या गादीवर ते बसतात ती त्यांना माहीत होती, तरी माझी अब्रू जायला नको म्हणून गप्प बसले. सून नुसतं "बरं" म्हणाली. तिचा चेहरा मी बघितला. शाळेत कुणी शेजारी बसायला नकार दिल्यावर मुलीचा होत असेल तसा.

दुसऱ्या दिवशी ढोलीला भूल देऊन तोंड नीट तपासलं. काटा नाही, बुरशी नाही. मागच्या दाढा न झिजता वाढून जिभेत रुतल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून दाखवलं आणि विचारलं, "गवत आणलंय का बघायला?" मी पिशवीतून पाकीट काढलं. त्यांनी बोटांत चुरगाळलं आणि म्हणाल्या, "ही नुसती पानं, तीही कापलेली. हिला चावायला काही दिलंच नाही तुम्ही." ढोली त्या भुलीतून उठलीच नाही.

मुलांना मी एवढंच कळवलं की भूल सोसली नाही. दाढांचं नाही सांगितलं, पाकिटाचंही नाही. तोवर सुनेचा आईला फोन करून झाला होता. काय बोलली माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

ताई, मला आरशात बघवत नाही.

तुझी धाकटी

*

२९ मार्च

धाकटे,

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण शेवटचं वाक्य वाचून हात थांबला.

जनावर अजाणतेपणी गेलं. ते वाईट झालं, पण त्याला मी तुला फाशी देणार नाही. 'हिच्या आईकडूनच येतं' हे मात्र अजाणतेपणी नाही. त्या बाईंनी तुला पोटातलं सांगितलं, तू वाचलंस, आणि वाचल्यानंतर तू ते बोललीस. तुझ्या अब्रूचं काय व्हायचं ते होऊ दे. तुझी ती किती, आणि त्यांची किती गेली, जरा मापून बघ. तू कापड मापणारी बाई आहेस.

हे पत्र वाचून झालं की लगेच सांग. उद्या नको.

ताई

*

२ एप्रिल

विहीणबाई,

तुम्हाला तोंड दाखवायची माझी लायकी नाही, म्हणून लिहिते.

लेकीचा फोन आला होता. रागावली नाही हो, रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात, लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "आई, तुला आता नीट दिसत नाही, वास कळत नाही. बास कर आता हे गवत. लोकांच्या जनावरांना काही झालं तर?" मी म्हटलं, बाळ, मी निवडून पाठवलं होतं. ती म्हणाली, "म्हणूनच सांगते."

तेव्हापासून मी विचार करते आहे. ती दवाची बाजू. मी काढली होती, तुम्हाला लिहिलंही होतं. पण थोडं राहिलं असणार. वास घेतला तेव्हा मला काहीच कळलं नाही, म्हणजे नाकच गेलं म्हणायचं. आणि नाक गेलेल्या माणसानं या धंद्यात राहणं म्हणजे पाप आहे. तुम्ही इतक्या विश्वासानं ते ढोलीपुढे घातलंत आणि मी तिला मारलं. तुम्ही मला एका शब्दानंही बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. बोलला असतात तर मला सोसलं असतं.

मी शेडला कुलूप लावलंय. सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप दिले, की यंदाचं माझं गवत कुणी घालू नका, परत आणून द्या. घोडेवाला भांडायला आला, त्याची घोडी ठणठणीत आहेत म्हणतो. त्याला म्हटलं, बाबा, आज आहेत. तुमचं पत्र दाराला होतं ते काढून ठेवलं. ते तिथं असणं बरं दिसत नव्हतं.

गंजीचं काय करायचं? असलं गवत कुणाला देता येत नाही आणि तसंच ठेवलं तर कुणाची तरी गाय-म्हैस शिरेल. येत्या रविवारी वारा पडला की पेटवणार आहे. आजूबाजूच्यांना सांगून ठेवलंय.

चिंगीला आता तुम्ही पाकिटातलंच आणा. तुम्हाला चांगलं कळतं. मी उगाच तुम्हाला शिकवायला गेले.

जमलं तर क्षमा करा.

तुमची विहीण

*

५ एप्रिल, शनिवार

विहीणबाई,

गंजी पेटवू नका. तुमच्या गवतात काही वाईट नाही. ढोलीनं तुमच्या गवताची एक काडी कधी खाल्ली नाही.

हे मी पहिल्या ओळीत लिहिलं, कारण खाली लिहायला घेतलं असतं तर पुन्हा गोड गोड शब्दांत गुंडाळून टाकलं असतं. तुमचं पत्र काल आलं. काल दिवसभर मी ते हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

तुमचं पहिलं पोतं उघडलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला हलका माल पाठवलात. मी गवताला हात लावून बघितला, कापडाला लावते तसा, आणि ते मला टोचलं. तुम्ही काडी का हवी ते स्पष्ट लिहिलं होतं. मी म्हटलं, ही विकणाऱ्याची भाषा. मग तुम्हाला 'काय ते गवत' असं पत्र लिहिलं आणि दुकानातून पाकिटातला लसूणघास आणला. त्याच्यातल्याही काड्या मी कात्रीनं कापत होते. तुमच्या गवताची यांना बसायला गादी शिवली. तुम्ही इथं येऊन ती उसवून बघितलीत तरी चालेल.

ढोलीच्या दाढा मऊ खाऊन वाढल्या आणि जिभेत रुतल्या. डॉक्टरीणबाईंनी ते मला दाखवलं. त्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी गवत कुठलं म्हणून विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव घेतलं होतं. तुमची लेक फोनवर होती. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की खरं बोलले तर सून मला काय म्हणेल. तुमच्या लेकीबद्दल तुम्ही मला जे लिहिलं होतं ते मला आठवत होतं, विहीणबाई. आठवत असून बोलले. याच्यापेक्षा वाईट मला काही लिहिता येत नाही.

तुमचं दुसरं पोतं गॅलरीत होतं ते मी ढोली गेल्यावर उघडलं. चिंगी ते दिवसभर खाते. कचाकचा आवाज येतो आणि तो ऐकवत नाही. वास तुम्ही म्हणता तसाच आहे, गोडसर. तुमचं नाक कुठंही गेलेलं नाही.

सूनबाईंना मी हे पत्र तुमच्या हाती पडलं की, उद्या संध्याकाळी, सगळं सांगणार आहे, हे शेजारी बसलेले असतील. आधी तुम्हाला लिहायचं होतं. पत्र आत्ताच गाडीवाल्याच्या हातात देते. तो म्हणतो, उद्या सकाळी पोहोचवतो.

तुम्ही मला क्षमा करा असं मी लिहिणार नाही. तुमच्या पत्रातला तो शब्द वाचून माझी मान जी खाली गेली ती अजून वर आलेली नाही.

विहीण

*

२४ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. पहिल्या पत्रात नुसत्या शिव्या होत्या, त्या तुम्हाला झेपल्या नसत्या.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. गाडीवाल्याची गाडी वाटेत बंद पडली होती. गंजी रविवारी पेटवली.

पत्र वाचून पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद! माझं नाक शाबूत आहे, माझे डोळे शाबूत आहेत. समोर मांजर बसलं होतं, त्याला उचललं आणि शेडभर नाचले. गुडघ्यांनी काय ते सोसलं असेल! मग दारातून बाहेर नजर गेली, गंजीच्या जागी काळा डाग होता आणि अजून धूर येत होता. मग ढोली आठवली. एक मुका जीव तळमळून गेला आणि मी थेरडी नाचते आहे. माझी मलाच लाज वाटली. तेव्हा लाजेचं म्हणाल तर तुम्ही एकट्या नाही. पण म्हणून तुमची काही कमी होत नाही, हेही लिहून ठेवते.

लेकीचा फोन आला. तुम्ही तिला सगळं सांगितलंत, काही झाकलं नाहीत, असं म्हणाली. खूप रडली. म्हणाली, "आई, त्यांनी तुझं नाव घेतलं आणि मला लगेच खरं वाटलं. एकदाही तुला विचारावंसं वाटलं नाही." मी म्हटलं, जाऊ दे बाळ. तोंडानं म्हटलं. पुढच्या महिन्यात येते म्हणते आहे. येऊ दे. तिला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

शेडचं कुलूप काढलं. विकायला काहीच नाही, पण झाडून-पुसून ठेवली आहे. शेतात नवं गवत गुडघाभर आलंय. घोडेवाल्यानं माझं न ऐकता एक पोतं दडवून ठेवलं होतं, वाद घालायला मुद्दाम घेऊन आला. त्यातल्या दोन पेंढ्या चिंगीसाठी मागून घेतल्या, त्या सोबत पाठवते आहे. कापू नका.

आता राहिलेलं. माझा माल तुम्ही वाईट समजलात, त्याचं काही नाही. ज्याला जे कळत नाही ते कळत नाही. लेकीसमोर माझं नाव घेतलंत, तेही कधीतरी पोटात घालीन, आपल्याला एकाच नातवंडाची आजी व्हायचंय. गंजीचंही सोडून दिलं, गवत परत येतं. एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही, ती लिहून टाकते आणि मग हा विषय माझ्याकडून संपला.

रविवारी सकाळी तुमचा फोन आला होता. मी गंजीपाशीच उभी होते, वारा पडायची वाट बघत, एका हातात काडेपेटी. तुम्ही "हॅलो" म्हणालात आणि मग बराच वेळ काही बोललाच नाहीत. तुमचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, माझं वाईट चाललंय म्हणून बाईंचा गळा दाटून आलाय, आणि मलाच भरून आलं. मग तुम्ही विचारलंत, गुडघे कसे आहेत.

मी म्हटलं, बरे आहेत. तुम्ही म्हणालात, जपा. आणि फोन ठेवलात.